किल्लीची नानकटाई

डिसेंबर उजाडला की पुण्याहून मुलीचा फोन येतो. परभणीचा पारा किती उतरला ते तिला माझ्याआधी कळलेलं असतं. "आई, अंघोळ उशिरा कर, कानाला बांध," हे झालं की ती मुद्द्यावर येते. "आणि उदास वाटलं तर नुसती खिडकीत बसू नकोस. काहीतरी बेक कर. मन लागतं त्यानं." हा उपाय तिनं कुठंतरी वाचलाय. तेवढ्यासाठी तिनं मला ओव्हनही घेऊन दिला. काम झालं की तो घंटी वाजवतो. मी तिला "बरं" म्हणते. थंडीत मन बुडतं आणि पीठ मळल्यानं थोडं वर येतं, हे मला तिच्या जन्माच्या आधीपासून ठाऊक आहे. ते पुन्हा कशानं बुडतं तेही ठाऊक आहे, पण ते तिला कधी सांगितलं नाही.

विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव झाला त्या पावसाळ्यात आमचं गाव पेटलं. गाव म्हणजे आमची वस्ती. बाकीच्या गावाला काही झालं नाही. मानवतपासून एसटीनं पाऊण तासावरचं खेडं ते. ज्या विद्यापीठापायी आमची घरं जळाली ते वस्तीत बाबा सोडून कोणी पाहिलेलंसुद्धा नव्हतं. बाबा, म्हणजे माझे वडील, गावातल्याच शाळेवर मास्तर होते. आम्ही तिघं कमरेएवढ्या ज्वारीतून वाकून पळालो. पण पळायच्या आधी मायनं घराला कुलूप लावलं. लोक आरडाओरडा करत पारापर्यंत आले होते, बाबा ओरडत होते, मी रडत होते, आणि माय मात्र कडी नीट बसत नाही म्हणून दार ओढून धरत होती. घर जळालं. कुलूप राखेत सापडलं नाही. किल्ली तेवढी मायच्या कमरेला राहिली, पितळेची, बोटभर लांब, वरचा भाग गोल आणि मधे भोक.

पुढं कित्येकांनी मला त्या रात्रीबद्दल विचारलं. हिवाळ्याबद्दल कोणी विचारलं नाही. जळतं तेव्हा लोक बघतात, फोटो काढतात, पुढारी येऊन जातात. थंडी पडेपर्यंत सगळे आपापल्या घरी गेलेले असतात.

आम्ही मानवतला एका जिनिंगच्या मागच्या खोलीत राहायला गेलो. कापसाच्या गाड्या पहाटेपासून लागायच्या. सरकीचा तेलकट वास सगळ्या कपड्यांना यायचा, दारातून कापसाचे पुंजके आत यायचे आणि कोपऱ्यात साचायचे. एवढा कापूस चहूकडे आणि आमच्याकडे तिघांत दोन गोधड्या. पण थंडीचं मला एवढं काही नव्हतं. मला माय नको झाली होती. तेरा वर्षांच्या पोरीनं असं म्हणू नये, पण खरं तेच आहे. माय भिंतीला तोंड करून बसायची. बोलायची नाही. वेणी घालायची नाही, ना तिची ना माझी. आणि स्टोव्ह पेटवायची वेळ झाली की उठून बाहेर जायची. काडी ओढल्याचा आवाजसुद्धा तिला सहन होत नसे. भाकरी बाबा थापायचे, भाजी मी टाकायची. स्टोव्ह विझवला की मी दारातून सांगायची, "माय, झालं." मग ती आत यायची. भिंतीवर तथागताचा फोटो होता. त्याच्यापुढची मेणबत्तीसुद्धा तिनं लावली नव्हती. वंदनेच्या वेळी ती उंबऱ्याबाहेर, थंडीत, पदर गच्च ओढून उभी राहायची.

बाबा त्याच गावाला रोज जायचे, सकाळच्या एसटीनं. शाळा तीच, पोरं तीच. घराच्या काळ्या भिंतींसमोरून चालत जाऊन ते पाढे शिकवायचे. एकदा मी चिडून विचारलं, "ज्यांनी जाळलं त्यांच्या पोरांना कशाला शिकवता?" बूट काढता काढता ते म्हणाले, "पोरांचं काय? पोरांना हातचा घ्यायला येत न्हाई आजून." त्यांनी ठरवलं होतं की गाव सोडायचं नाही. सरकारकडून छपराचे पत्रे मिळणार होते, त्यावर घर उभं करायचं, आणि चैत्रात, जयंतीच्या आधी, परत जायचं. अडचण एकच होती. मायला तिथं न्यायचं कसं? जिला काडीचा आवाज सोसत नाही, ती त्या जागी चूल कशी मांडणार? एका संध्याकाळी ते तिच्यापुढं उकिडवे बसले आणि म्हणाले, "तू ज्या दिशी आपल्या हातानं पेटवशील ना, चूल म्हन, स्टोव्ह म्हन, त्या दिशी आपन जायचं. तवर मी काई बोलनार न्हाई." मायनं तोंड भिंतीकडंच ठेवलं. पण तिनं ऐकलं होतं.

दर शनिवारी बाबा गावाकडून काहीतरी घेऊन यायचे. आधी बोरं आणली. मग हरभऱ्याचे डहाळे, मग हुरड्याची दोन कणसं. ते सगळं मायच्या पुढ्यात ठेवायचे आणि म्हणायचे, "दिवस चाललेत बरं का पुढं." मग आंब्याच्या मोहराची डहाळी आणली. ती मायनं नाकाशी धरली आणि किती तरी वेळ खाली ठेवली नाही.

आमच्या शेजारी जैबुनखाला राहायची. विधवा, शिवणकाम करायची, आणि गप्प बसणं हा तिला दुसऱ्यानं केलेला गुन्हा वाटायचा. एक दिवस तिनं मायला दंडाला धरून उठवलं. "खाली हात बैठे तो दिमाग खाता गे. चल मेरे संग." ती मायला भट्टीवर घेऊन गेली. मी मागोमाग.

हल्लीच्या पोरींना ही भट्टीची रीत सांगावी लागते. बेकरीत सकाळचा पावाचा घाणा निघाला की भट्टी दुपारभर तापलेली राहायची. त्या उरल्या धगीवर भट्टीवाला करीमचाचा घराघरांतली नानकटाई भाजून द्यायचा. त्याच्याकडून काळा पत्रा घरी न्यायचा. मैदा, रवा, पिठीसाखर, वनस्पती तूप, वेलदोडा आपला. घरी मळून, गोळे थापून, पत्र्यावर मांडून परत भट्टीवर द्यायचे. एका वेळी आठ-दहा घरांचे पत्रे आत जायचे. कोणाचा कोणता हे ओळखायला जी ती बाई आपल्या गोळ्यांवर खूण दाबायची. कोणी सदऱ्याचं बटन दाबायचं, कोणी शिवणाचं अंगुस्तान, कोणी काजळाच्या डबीचं झाकण. त्या खुणेवरून मानवतच्या अर्ध्या बायका एकमेकींना ओळखायच्या. भाजून झालं की चाचा पत्रे बाहेर फळीवर मांडून ठेवायचा. ज्यानं त्यानं आपली खूण बघून न्यायचं.

पहिल्या दिवशी मला वाटलं, माय दारातूनच मागं फिरेल. पण भट्टीला लोखंडी दार होतं आणि ते बंद होतं. आग कुठं दिसत नव्हती. फक्त भिंत गरम होती. त्या भिंतीला पाठ लावून बायका बसल्या होत्या. माय उभी राहिली, मग हळूच तिनं तळहात भिंतीला लावला. मग बसली. पाठ टेकली. सगळ्या हिवाळ्यात तिचे खांदे खाली आलेले मी पहिल्यांदा पाहिले. घरी येताना ती म्हणाली, "इथली आग दाराच्या आत ऱ्हाती." चार महिन्यांत एवढं मोठं वाक्य ती बोलली नव्हती. मी धावत जाऊन बाबांना सांगितलं.

पुढच्या आठवड्यात तिनं खालाच्या परातीत हात घातला. त्याच्या पुढच्या आठवड्यात आमचा पत्रा आमच्या घरी आला. तूप आणि साखर फेसताना तिचा दंड हलायला लागला की बांगड्या वाजायच्या, आणि तो आवाज ऐकून मला रडू यायचं. पत्र्यावर गोळे मांडून झाले. खूण कसली दाबायची? घरात बटन होतं, वाटी होती, चमचा होता. मायनं कमरेची किल्ली काढली, धुतली, पुसली आणि एकेका गोळ्यावर किल्लीचा वरचा भाग दाबला. गोल, आणि मधे टिंब. तीस गोळे, तीस किल्ल्या.

दर शुक्रवारी आमची नानकटाई व्हायची. दोन-चार घरी, बाकीची बाबांच्या पिशवीतून वस्तीवर. तिथं लोक अजून पालात राहत होते, त्यांच्या पोरांना ती जायची. मायचं बोलणं थोडं थोडं परत आलं. माझी वेणी ओढून घालायला लागली. "लय उवा झाल्यात गं तुज्या डोक्यात," असं खेकसलीसुद्धा, आणि मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. माघी पौर्णिमेला संध्याकाळी बाबा वंदनेला बसले, तेव्हा माय उंबऱ्याच्या आत उभी होती. बाबांनी मेणबत्ती लावायला काडीपेटी घेतली. तिनं हात पुढं केला. पहिली काडी मोडली. दुसरी पेटली आणि तिनं वात पेटेपर्यंत धरली. बोट चटकलं, तरी सोडली नाही. बाबा डोळे मिटून बसले होते. त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "आता स्टोव्ह," ते नंतर मला बाहेर म्हणाले, "मग चूल. पाडव्यापर्यंत जमतंय बघ सुमे."

आता माझं सांगते.

मला ती किल्ली आवडत नव्हती. शाळेत एका पोरीची आई भट्टीवर यायची. त्या पोरीनं सगळ्या वर्गात सांगितलं होतं, "ह्यांचं घर जळालं, आनि ह्यांच्या बिस्किटावर किल्ली असती." पोरी हसल्या. त्यात वाईट हेतू फारसा नव्हता, पोरी कशालाही हसतात. पण तेव्हापासून मी "किल्लीवाली" झाले. बायका फळीवर आमचा पत्रा बघून एकमेकींना खुणावायच्या, हळहळायच्या. मला त्या हळहळीची लाज वाटायची. पुढं कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आले की मायनं ते जळकं घर विसरावं म्हणून मी तसं केलं. थोडं खरं होतं ते. पण लाज आधी होती.

पौर्णिमेनंतरच्या शनिवारी बाबांनी पळसाची फुलं आणली. लाल, वाकडी, फांदीसकट. "झालंच की आता," म्हणाले. ती फुलं बघून माझ्या डोक्यात आलं. खालाकडून रिकामं लाकडी रीळ मागून घेतलं आणि त्याच्या टोकाला ब्लेडनं सहा पाकळ्या कोरल्या. दोन दिवस लागले. बोट कापलं. शुक्रवारी सकाळी मायनं गोळे थापले, किल्ली दाबली आणि पत्रा माझ्या डोक्यावर दिला. शाळेत जाता जाता तो भट्टीवर द्यायचं काम माझं होतं. दुपारी माय जाऊन आणायची. वाटेत लिंबाच्या झाडाखाली मी पत्रा उतरवला, अंगठ्यानं एकेक किल्ली पुसली आणि एकेक फूल दाबलं. छान दिसत होती फुलं. चाचानं पत्रा हातात घेतला, फुलांकडं बघितलं, हसला. "आज बहार आई क्या बेटी?" मी हसून शाळेला पळाले. मायला दुपारी केवढा आनंद होईल, याचाच विचार दिवसभर करत होते.

पुढचं मला भट्टीवरच्या बायकांकडून कळलं. शुक्रवार होता. चाचा पत्रे फळीवर मांडून नमाजाला गेला होता. खाला त्या दिवशी भावाकडं सेलूला गेली होती. माय आली, फळीवर किल्ली शोधू लागली. एकदा बघितलं, दोनदा बघितलं. एकेक बाई आपापला पत्रा घेऊन गेली. शेवटी एकच उरला, फुलांचा. तोच आपला असेल असं तिच्या मनात आलंच नाही. दुसऱ्याचं काही जात नाही, आपलंच जायचं असतं, असं तिला त्या पावसाळ्यानं शिकवलं होतं. ती भट्टीच्या बंद दाराकडं बघत थोडा वेळ उभी राहिली आणि रिकाम्या हातानं घरी आली.

मी शाळेतून उड्या मारत आले, तर माय भिंतीला तोंड करून बसलेली.

"माय, नानकटाई?"

"आपलं जळालं," ती म्हणाली.

तेव्हाच बोलायचं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण तिचा चेहरा पाहून माझी जीभच उचलेना. तास-दीड तासानं करीमचाचा स्वतः पत्रा घेऊन दारात आला. "बहन, ये तुमारीच है. और किसी की रही नई." मायनं वळून बघितलं. फुलांकडं बघितलं.

"न्हाई भाऊ. माज्यावर किल्ली असती."

चाचानं माझ्याकडं पाहिलं. त्यानं तो पत्रा माझ्या हातून घेतला होता, त्याला सगळं ठाऊक होतं. मी सांगावं म्हणून तो थांबला. मी पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिले. चाचा पत्रा घेऊन परत गेला आणि त्याबद्दल कधी चकार शब्द बोलला नाही. मला त्याचा अजून राग येतो. तो बोलला असता तर? हा राग खरा कोणावर आहे हे मला कळतं, पण येतो.

माय परत भट्टीवर गेली नाही. खालानं दंड धरून ओढलं तर हात सोडवून घेतला. पुढची मेणबत्ती बाबांनी लावली. स्टोव्हच्या वेळी ती पुन्हा बाहेर उभी. बाबांना काही समजेना. एक दिवस मला एसटी स्टँडपर्यंत बरोबर घेऊन गेले आणि विचारलं, "सुमे, काय झालं गं तिला? चांगली सुधरायली व्हती." मी म्हणाले, "काय म्हाईत."

पाडवा आला. वस्तीवर एकेकाचं घर उभं राहिलं. आमच्या वाट्याचे पत्रे शाळेच्या व्हरांड्यात भिंतीला टेकवून ठेवलेले होते. सगळा चैत्र बाबा रविवारीसुद्धा गावाला जायचे, त्या पत्र्यांपाशी बसून यायचे. जयंतीला एकटेच गेले. पावसाळ्याच्या तोंडाशी त्यांनी ते पत्रे पालातल्या एका म्हातारीला दिले आणि मानवतला बदली मागितली. बदलीचा कागद आला त्या दिवशी ते जेवले नाहीत. त्यानंतर गावाचं नाव त्यांनी घरात काढलं नाही. गावाहून काही आणायचंही बंद झालं.

वसंत कोणासाठी थांबत नाही. त्या वर्षीही पळस फुलून गेला, लिंबाला पालवी आली, जिनिंगच्या मागं कोकिळा ओरडून ओरडून दमली. लोकांना वाटतं ऋतू बदलला की मन बदलतं. मायचा तो हिवाळा पंधरा वर्षं चालला. तिनं पुन्हा हातात काडी धरली नाही. मी शिकले, नोकरीला लागले, लग्न झालं, परभणीला घर केलं. बाबा गेले. माय माझ्याकडं आली, आणि सकाळी गॅस पेटवताना तिला बाहेर अंगणात जाऊ देणं ही माझ्या घराची रीत झाली.

विद्यापीठाचा नामविस्तार झाला त्या जानेवारीत आमच्या कॉलनीत दारोदार मेणबत्त्या लावल्या होत्या. पोरं नाचत होती. माझी मुलगी तीन वर्षांची होती, ती पायरीपायरीनं मेणबत्त्यांवर फुंकर मारत फिरत होती आणि मी मागून पुन्हा लावत होते. माय आतल्या खोलीत, दिव्यांकडं पाठ करून, शाल गुंडाळून बसलेली. मी पेढा घेऊन आत गेले. तिनं पेढा हातात धरला, खाल्ला नाही. बाहेर एवढा जल्लोष आणि ही अशी. मला एकाएकी सोसवेना. मी खाली बसले आणि सगळं सांगून टाकलं. रीळ, ब्लेड, लिंबाचं झाड, अंगठा, फुलं.

माय कमरेची किल्ली चाचपत राहिली. मग माझ्याकडं वळली.

"म्हन्जी जळालं नव्हतं," ती म्हणाली.

"न्हाई माय."

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं पेढा माझ्या हातात परत दिला आणि म्हणाली, "मला न्हाई सांगितलं ते ऱ्हाऊ दे. तुज्या बाबाला तरी सांगायचं गं. सगळा चैत पत्रे धरून बसला व्हता बिचारा."

त्याच वर्षी पावसाळ्यात ती गेली. किल्ली माझ्याकडं आहे. दर डिसेंबरात मी एक पत्रा नानकटाई करते आणि ती किल्ली धुऊन, पुसून, एकेका गोळ्यावर दाबते. ओव्हनची घंटी वाजली की खायच्या आधी, उतरवायच्या आधी, मी वाकून खूण बघते.

रात्री मुलीचा फोन येतो. "केलंस का काही? बरं वाटतंय ना आता?"

"जळाल्या नाहीत," मी सांगते.